तरुणांच्या घरभाड्याला सरकारी मदत असावी का, हे कसे ठरवावे

सुरुवात हिशेबापासून करावी. भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर गेले की ओढाताण सुरू होते, असा सर्वसाधारण संकेत आहे. हाती येणाऱ्या पगारातून भाडे, वीज आणि प्रवासखर्च वजा करून काय उरते, ते कागदावर मांडावे.

मग मदत नेमकी कोणाला, हे पाहावे. आईवडिलांच्या घरी निर्धास्त राहू शकणारा तरुण आणि अठराव्या वर्षी अनाथालयातून बाहेर पडलेली, अनामत रक्कमही उभी करू न शकणारी तरुणी यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. ब्रिटनमध्ये २०१७ साली १८ ते २१ वयोगटातील अनेकांचा घरभाडे-साहाय्याचा हक्क काढून घेण्यात आला आणि २०१८च्या अखेरीस तो परत द्यावा लागला. केवळ वयावरून रेघ ओढू नये.

सर्वांत बारकाईने मदतीचे स्वरूप तपासावे. जिथे घरेच अपुरी आहेत, तिथे रोख अनुदानाचा काही भाग वाढीव भाड्याच्या रूपाने घरमालकाकडे जातो. म्हणून नवी घरे बांधण्याची तरतूद योजनेत आहे का, ते शोधावे. पगार थोडा वाढताच मदत एकदम बंद होते की टप्प्याटप्प्याने घटते, हेही वाचावे, कारण एकदम बंद झाल्यास बढती घेणेच तोट्याचे ठरू शकते.