टेम्पो बदलायचाय? आधी एवढी तयारी करून घ्या

नोटेशन सॉफ्टवेअर, म्हणजे संगीत लिहून वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडण्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून टाका, नेमकं काय बदलायचंय? वादकाच्या हातात पडणाऱ्या कागदावरची खूण, प्लेबॅकमध्ये ऐकू येणारी गती, की फक्त आजच्या सरावापुरता वेग? तिन्हींना आपण सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो, पण सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या जागा वेगळ्या असतात. बहुतेक घोळ होतो तो इथेच.

फक्त सराव करायचा असेल तर स्कोअरला, म्हणजे लिहिलेल्या पूर्ण रचनेला, हातच लावू नका. म्यूझस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकच्या पट्टीत टक्केवारीचा स्लायडर असतो. तो ७० वर आणला की रचना सावकाश वाजते आणि पानावर काहीच बदलत नाही. उरलेली यादी कायमचा बदल करायचा आहे त्यांच्यासाठी. त्यांनी आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

आता स्कोअरमध्ये आधीपासून टेम्पोच्या किती खुणा आहेत ते शोधा. दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, दोन्ही. हे काम कंटाळवाणं आहे, पण नंतरचा मनस्ताप वाचतो. म्यूझस्कोरच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘रिट.’ची (गती हळूहळू कमी करा असं सांगणारी) रेघ नुसती काढलेली असायची, तिने प्लेबॅक मंदावत नसे. म्हणून लोक तिच्याखाली तीन-चार टेम्पोखुणा टाकून लपवून ठेवत. समजा, मूळ गती मिनिटाला १२० ठोके होती आणि रिट.खाली ११२, १०४, ९६ अशा लपवलेल्या खुणा आहेत. तुम्ही सुरुवातीची खूण बदलून ९० केलीत. रचना छान ९० ने चालते, आणि जिथे मंदावायला हवी नेमकी तिथेच एकदम ११२ वर उडी मारते! सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं, पण ते बिचारं लिहिलेलंच वाजवतंय. तेव्हा अदृश्य घटक दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि स्कोअर शेवटपर्यंत एकदा नजरेखालून घाला. चौथ्या आवृत्तीपासून रिट. आणि अ‍ॅक्सेल.च्या (गती हळूहळू वाढवण्याच्या) रेघा प्लेबॅकमध्येही उतरतात. त्या वापरणार असाल तर आधी जुन्या लपवलेल्या खुणा काढून टाका.

दिसणाऱ्या खुणाही तपासायच्या. पानावर ‘अ‍ॅलेग्रो’ (जलद) लिहिलंय, म्हणून ती टेम्पोखूणच असेल असं नाही. कोणीतरी ते स्टाफ टेक्स्टने, म्हणजे साधा मजकूर म्हणून, टाईप केलेलं असू शकतं. दिसायला सारखंच, पण प्लेबॅकच्या लेखी ती नुसती अक्षरं. असं सापडलं तर ते दुरुस्त करत बसू नका, पुसा आणि खरी टेम्पोखूण टाका. म्यूझस्कोरमध्ये सूर किंवा विराम निवडून ऑल्ट-शिफ्ट-टी, डोरिको या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-टी, सिबेलियसमध्ये विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-टी. खुणेतला आकडा बदलताना त्याच्या आधीचं सुराचं चिन्ह चुकून पुसलं जाणार नाही एवढं बघा. नुसतं ‘= ९६’ उरलं तर मिनिटाला कशाचे ९६, हे ना सॉफ्टवेअरला कळणार ना वादकाला.

त्या चिन्हाकडे जरा नीट लक्ष द्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट तीच. ४/४ मध्ये, म्हणजे एका बारमध्ये (तालाच्या एका खंडात) चार क्वार्टर नोट असतात तिथे, क्वार्टर नोट हा ठोका धरला की काम भागतं. ६/८ मध्ये ठोका सहसा ठिपक्याच्या क्वार्टर नोटचा (दीड क्वार्टरचा), आणि २/२ मध्ये हाफ नोटचा (दोन क्वार्टरचा) असतो. ‘ठिपक्याची क्वार्टर = ६०’ आणि ‘क्वार्टर = ९०’ या दोन खुणा एकाच वेगाने वाजतात, पण वादक त्या वेगवेगळ्या वाचतो. सुरांच्या सूचना साठवणाऱ्या मिडी फाइलमध्ये तर टेम्पो एका क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद लागतात या हिशेबातच साठवलेला असतो, १२० साठी ५,००,०००. एका नोटेशन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्कोअर नेणाऱ्या म्यूझिकएक्सएमएल फाइलमधला प्लेबॅकचा आकडाही मिनिटाला किती क्वार्टर नोट, असाच असतो. म्हणून तुमची ६० ची ६/८ रचना रेकॉर्डिंगवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ९० दाखवते. फाइल पाठवण्याआधी हा हिशेब त्याला सांगून ठेवा, नाहीतर तो भला माणूस ९० चं ६० करून ठेवेल.

रचना ठराविक वेळेत बसवायची असेल तर आकडा अंदाजाने फिरवत बसण्यापेक्षा कागदावर काढा. ४/४ चे ३२ बार म्हणजे १२८ ठोके. १२० ने ते ६४ सेकंदात संपतात, ९६ ने ८० सेकंदात. ७२ सेकंद हवे असतील तर १२८ गुणिले ६० भागिले ७२, म्हणजे साधारण १०७. फर्माटा (सूर लांबवण्याची खूण) आणि रिट. असतील तर वर थोडे सेकंद जातात, ते ऐकूनच ठरवावं लागतं.

जागा ठरवताना दोन ठिकाणी चुकायला होतं. रचना अपुऱ्या बारने सुरू होत असेल तर खूण त्या अपुऱ्या बारच्या पहिल्या सुरावर हवी, पुढच्या पूर्ण बारवर नको. नाहीतर पहिले एक-दोन सूर सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या गतीने वाजतात, म्यूझस्कोरमध्ये ती १२० असते. दुसरं ठिकाण पुनरावृत्तीचं. रिपीटच्या आत रिट. टाकलंत तर ते दोन्ही वेळा मंदावणार. फक्त शेवटीच मंदावायचं असेल तर पहिला आणि दुसरा शेवट वेगळे लिहून रिट. दुसऱ्यात ठेवा. आणि रचना मंदावल्यावर पुढे चालूच राहणार असेल तर मूळ गतीची खूण लगेच टाकून मोकळे व्हा, ही हमखास विसरली जाते.

फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. तेव्हापासून जुन्या फाइली म्यूझिकएक्सएमएलमधून दुसरीकडे नेणारे बरेच आहेत. त्यांनी टेम्पोच्या खुणा सगळ्यात आधी तपासाव्यात. फिनालेत अक्षरं आणि त्यांचा प्लेबॅकवरचा परिणाम वेगवेगळा नेमून दिलेला असायचा, त्यामुळे नव्या ठिकाणी अक्षरं आली पण आकडा आला नाही, असं होऊ शकतं.

शेवटी स्वतंत्र पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचे वेगळे कागद, उघडा. टेम्पोखूण सगळ्या स्कोअरची असते, तेव्हा ती सर्वात वरच्या ओळीवर एकदाच टाकायची आणि प्रत्येक पार्टमध्ये उमटली का ते पाहायचं. बासवाल्याच्या कागदावर ती लांब विरामाच्या बारवर येते, तिथे तो विराम खुणेपाशी तुटलाय ना, तेवढं बघून मगच पीडीएफ काढा. आधी वाटलेले कागद गोळा करून फाडून टाका. तालमीत अर्ध्या लोकांपुढे १२० आणि अर्ध्यांपुढे ९६ असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाला येत नाही.