एका काडीवर अंबाडा टिकवायची ट्रिक
जपानी कांझाशी (केसांत खोचायची शोभेची काडी) लावलेला अंबाडा फोटोत भारी दिसतो, पण आपण घातला की दहा मिनिटांत मानेवर येतो, कारण बहुतेक जण काडी सरळ आरपार घुसवतात. तसं नाही करायचं. नुकतेच धुतलेले केस फार सुळसुळीत असतात म्हणून दुसऱ्या दिवशी बांधा, केसांना दोरीसारखा पीळ द्या, गोल गुंडाळा, मग काडीने अंबाड्याच्या कडेचे थोडेसेच केस उचला, काडी उलटी फिरवा म्हणजे टोक डोक्याकडे येईल आणि टाळूला घासत अंबाड्याखालून दुसऱ्या बाजूला काढा. हलका ताण जाणवला की बसला समजा, दुखलं तर सोडून परत. काडी लाकडी घ्या, गुळगुळीत मेटलची सटकते.

युक्रेनियन स्टाइलची डोक्याभोवतीची वेणी त्याहून सोपी, दोन वेण्या वरून क्रॉस करायच्या आणि पिना आतून लावायच्या, दिसतच नाहीत. आफ्रिकन कॉर्नरोज, म्हणजे डोक्याला चिकटून ओळीने घातलेल्या बारीक वेण्या, मात्र व्हिडिओ बघून घरी नकोच बाबा, जास्त घट्ट ओढल्या तर कपाळाजवळचे केस गळायला लागतात, नीट येणाऱ्याकडूनच घाला आणि झोपताना सॅटिनचा स्कार्फ बांधा.