जुनी डिझेल एसयूव्ही बघायला जाताय? इंजिन थंड असू द्या
मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागलं पाहिजे. गरम झाल्यावर, इंजिन चालू असतानाच, ऑईल भरायचं झाकण जपून सैल करा. आतून जोरात धूर येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्याची शक्यता मोठी, आणि ते काम फार महागात पडतं. मग खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघाच. समुद्राकाठी वापरलेल्या गाडीला गंज लवकर धरतो, त्यामुळे ताजा काळा रंग दिसला तर खुशाल संशय घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचे डाग असतील तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घराघरांत शिरलं होतं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) पैसे देऊ नका.