जुनी लाकडी फोकबोट दुरुस्त करताना: आधी आकार, मग लाकूड

फोकबोट ही 1942 साली स्वीडनमध्ये जन्मलेली शिडाची बोट. लांबी साधारण 7.64 मीटर, रुंदी 2.20 मीटर, पाण्याखाली 1.20 मीटर. वजन दोन टनांच्या आसपास, आणि त्यातलं जवळपास निम्मं कण्याखाली (तळाच्या मधल्या लांब तुळईखाली) बोल्टांनी लावलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ठोकळ्याचं. खवळलेल्या समुद्रातही ती सावरते ती याच वजनामुळे. 1960 साली एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, तिच्यात दुसरा आलेल्या ब्लॉन्डी हॅसलरची ‘जेस्टर’ याच आराखड्यात बदल करून बांधलेली होती.

मूळ फोकबोटीच्या फळ्या कौलांसारख्या एकमेकींच्या कडांवर चढवलेल्या असतात आणि तांब्याच्या खिळ्यांनी जखडलेल्या असतात. आत वाफेवर वाकवलेल्या ओकच्या बरगड्या. या बरगड्या तडकल्या की बोटीचं धड हळूहळू पसरतं आणि आकार बिघडतो. कुजकी फळी बदलणं कोणत्याही चांगल्या सुताराला जमतं. बिघडलेला आकार परत आणणं हे खरं अवघड काम, आणि ते पहिलं करायचं.

टेकू आणि मोजमाप

बोट सावलीत ठेवा. उन्हात फळ्या सुकून लाकडाच्या रेषांना धरून चिरतात. सगळं वजन जमिनीवर रचलेल्या टेकणीच्या ठोकळ्यांवर, कण्याच्या रेषेत घ्या; बाजूचे टेकू फक्त बोट कलू नये म्हणून. टेकूंवर वजन आलं तर फळ्या आत दबतात.

पुढच्या नाळेपासून (टोकापासून) बोट मागून बंद करणाऱ्या आडव्या फळीपर्यंत मधोमध दोरी ताणा, ओळंबे सोडा, दोन्ही बाजूंची अंतरं लिहून ठेवा. डावी-उजवी बाजू जुळत नसेल किंवा कणा मधे उचलला गेला असेल, तर जॅकने रोज दोन-तीन मिलिमीटरच हलवा. घाई केली तर जुने खिळे फळीतून उपटून येतात. आकार जुळला की प्लायवूडचे आडवे साचे कापून आत घट्ट बसवा आणि काम संपेपर्यंत काढू नका.

कूज शोधणे

टोच्या घ्या आणि हलक्या हाताने टोचत जा. बोटी कुजतात त्या बहुतेक पावसाच्या पाण्याने. खारं पाणी बुरशीला सहसा मानवत नाही. म्हणून डेक गळतो त्याच्या खाली, डोलकाठीच्या पायाशी, मागच्या फळीच्या कडांना आणि बरगड्यांच्या तळच्या टोकांना आधी पाहा. बुरशीला साधारण 20 टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, त्यामुळे गळती बंद न करता लाकूड बदलणं म्हणजे पुन्हा तेच काम ओढवून घेणं. जुना रंग शिशाचा असू शकतो. कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, मास्क लावा.

बरगड्या

तडा बहुधा बोट तळाकडे वळते तिथेच सापडतो: वाक सर्वांत तीव्र तिथे, आणि खिळ्यांची भोकंही ओळीने तिथेच. नव्या बरगडीसाठी सरळ रेषांचं, भट्टीत न सुकवलेलं ओक घ्या. भट्टीतलं लाकूड वाफेवरही मोडतं. दर 25 मिलिमीटर जाडीला एक तास वाफ. वाफेच्या पेटीतून काढल्यावर अर्ध्या मिनिटात जागेवर दाबून क्लॅम्प लावायचे, त्यामुळे दोन-तीन माणसं तयारीत हवीत. एक सोडून एक अशा बदला. सगळ्या एकदम काढल्या तर धड धरायला काहीच उरत नाही. आणि आकार सुधारण्याआधी बरगड्या घातल्या तर तुम्ही वाकडेपणाच पक्का करता.

खिळा मारणे

इथे घाई अजिबात चालत नाही. चौकोनी तांब्याचा खिळा बाहेरून आत ठोका. एकाने बाहेरून जड लोखंड खिळ्याच्या डोक्याला टेकवून धरायचं. आत टोकावर तांब्याची वाटीदार चकती पोकळ पंचने बसवा, खिळा चकतीच्या वर दीड-दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने हलके, पुष्कळ ठोके देत टोक पसरवा. जोरात मारलं तर खिळा लाकडाच्या आतच वाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पहिल्याच लाटेत तो सैल पडतो.

फळ्या

कुजका तुकडा काढून नवा जोडताना तिरका सांधा फळीच्या जाडीच्या किमान आठपट लांब ठेवा, बारापट असेल तर उत्तम. बाहेरचं पातळ टोक मागच्या दिशेला. फळ्या एकमेकींवर चढतात तिथे सिलिकॉन किंवा कडक पुटी भरू नका. पाण्यात लाकूड फुगलं की पुटीला जागा उरत नाही, मग खिळे ताणले जातात आणि फळी चिरते. बाहेरून फायबरग्लास चढवणं तर या बांधणीचं मरण आहे: लाकूड हलतं, थर सुटतो आणि मधे अडकलेलं पाणी सगळं कुजवतं.

कण्याचे बोल्ट

एका वेळी एकच काढा. झीज मधेच होते, लाकूड आणि बीड मिळतात त्या रेषेवर. वरून नट ठणठणीत दिसतो. ओकमधलं आम्ल लोखंड खातं. सागात ते कितीतरी जास्त टिकतं. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली 1817 सालची युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. बिडासाठी जाड जस्त चढवलेले पोलादी बोल्टच घ्या. पितळ किंवा ब्राँझ घातलं तर भोवतालचं बीड झिजतं, आणि स्टेनलेस स्टील हवा न लागणाऱ्या ओल्या लाकडात गुपचूप खड्डे पडून तुटतं.

पाण्यात उतरवणे

आधी आठवडाभर आत ओली पोती पसरा. उतरवल्यावर बोट एक-दोन दिवस क्रेनच्या पट्ट्यांतच ठेवा, दोन पंप तयार ठेवा. पहिले काही तास पाणी धडाधड येईल. ते यायलाच हवं, त्यानेच फळ्या फुगून सांधे मिटतात. दुसऱ्या दिवसानंतरही जिथून झिरपतं तिथे आतून मेणाच्या खडूने खूण करा, कारण बोट वर काढून सुकली की ती जागा पुन्हा सापडत नाही.