मेंढीला सूज-वेदनेचं इंजेक्शन: हृदय, मूत्रपिंड आणि पोट कसं सांभाळायचं

मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन (आणि 2023 मध्ये भारतात जनावरांसाठी बंदी येईपर्यंत किटोप्रोफेन) ही सूज-वेदना कमी करणारी औषधं धडधाकट मेंढीला योग्य मात्रेत एक-दोनदा दिली तर सहसा काही होत नाही. घात होतो तो अंगातलं पाणी कमी झालेल्या, जंतांनी रक्त शोषलेल्या किंवा आधीच हृदय दुबळं असलेल्या जनावरात. म्हणून सिरिंज भरण्याआधी मेंढी तपासा. पाच मिनिटं पुरतात.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांनंतरही ती तशीच उभी राहिली किंवा डोळे खोल गेले असले, तर आधी पाणी भरून काढायचं. 40 किलोच्या मेंढीत 8 टक्के पाणी घटलं असेल तर तूट 3.2 लिटरची असते. तोंडाने किंवा सलाईनने ती भरल्याशिवाय इंजेक्शन नको. रक्त कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातच बनणारी रसायनं करतात, आणि ही औषधं नेमकी त्यांचीच निर्मिती थांबवतात. मग मूत्रपिंडाचा आतला भाग रक्ताविना मरू लागतो. जेंटामायसिन हे प्रतिजैविक सोबत चालू असेल तर नुकसान आणखी वाढतं.

मग खालची पापणी ओढून पाहा. ती फिकट गुलाबी किंवा पांढरी दिसली तर हिमॉन्कस या रक्तपित्या जंतांचा संशय घ्या. हे जंत चौथ्या पोटात राहतात, आणि याच पोटाच्या अस्तराला ही औषधं व्रण पाडतात. आधीच जखमी पोट, त्यात रक्त कमी. यकृतातल्या चपट्या कृमींनी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटवलं असेल तर वेगळीच अडचण: ही औषधं बहुतांश अल्ब्युमिनला चिकटून फिरतात, ते कमी पडलं की मोकळं औषध वाढतं आणि नेहमीची मात्राही जड जाते.

हृदयाचं गणित थोडं निराळं आहे. निरोगी हृदयावर योग्य मात्रेचा थेट वार क्वचितच होतो. पण या औषधांमुळे मूत्रपिंड मीठ-पाणी अडवून धरू लागलं की दुबळ्या हृदयावर भार येतो. सेलेनियम किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता, लाळ्या-खुरकूत झालेली कोकरं, मोनेन्सिन या खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या औषधाची विषबाधा, या सगळ्यांत हृदयाचा स्नायू आधीच खराब झालेला असू शकतो. शांत उभ्या मोठ्या मेंढीचे ठोके मिनिटाला 70 ते 90 असतात. विश्रांतीतही ते खूप जास्त किंवा अनियमित असतील तर पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिरेतून द्यायचं झालं तर ते काम पशुवैद्यकाचंच, आणि तेही हळूहळू: मानेच्या शिरेऐवजी शेजारच्या धमनीत सुई गेली तर जनावर जागीच झटके देऊन कोसळू शकतं.

शेवटच्या महिन्यातल्या गाभण मेंढीला शक्यतो देऊ नका. गर्भातल्या कोकराच्या हृदयाजवळची डक्टस ही वाहिनी प्रोस्टाग्लँडिनच उघडी ठेवतात. ती वेळेआधी आकसू शकते. विणंही लांबू शकतं. वेदना असेल तर कोकरू बाहेर आल्यावर द्या.

मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही. मेलॉक्सिकॅम किलोमागे साधारण 0.5 ते 1 मिलिग्रॅम, फ्लुनिक्सिन 2.2 मिलिग्रॅमपर्यंत. नेमकी मात्रा आणि किती दिवस, हे पशुवैद्यक ठरवतील. सगळ्यात मोठी चूक बाटली बदलल्यावर होते. 40 किलोच्या मेंढीला 20 मिलिग्रॅम मेलॉक्सिकॅम द्यायचं तर 5 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून 4 मिली लागतं, 20 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून फक्त 1 मिली. जुन्या सवयीने 4 मिली भरलं की मात्रा चौपट. मेंढीच्या शरीरात मेलॉक्सिकॅम निम्मं व्हायला 10 ते 15 तास लागतात, त्यामुळे "अजून लंगडतेय" म्हणून त्याच संध्याकाळी दुसरी मात्रा नको. दोन सूजनाशकं एकत्र नकोत, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडसोबत तर मुळीच नको.

पुढचे तीन दिवस लेंड्यांवर लक्ष ठेवा. काळ्या, डांबरासारख्या चिकट लेंड्या, दात खाणं, रवंथ बंद, लघवी कमी, यापैकी काहीही दिसलं तर औषध ताबडतोब थांबवा. यावर उतारा नाही. सलाईन आणि पोटाच्या व्रणावरचं इंजेक्शन एवढाच आधार. रक्त तपासायचं तर इंजेक्शनच्या आधीही एक नमुना घ्या. स्नायूत सुई टोचल्यानेच रक्तातली सीके आणि एएसटी ही विकरं (एन्झाइम) वाढतात, त्यावरून हृदय किंवा यकृत बिघडलं असं ठरवणं चूक. हृदयासाठी ट्रोपोनिन आय हे प्रथिन पाहा, यकृतासाठी जीजीटी हे विकर. मूत्रपिंडासाठी पाहिलं जाणारं क्रिएटिनिन मात्र उशिरा चढतं: मूत्रपिंडाचा बराच भाग निकामी झाल्यावर.

लेबलवर दिलेली मांस-दुधाची थांबण्याची मुदत पाळा. आणि उपचार चालू असताना जनावर दगावलंच, तर मृतदेह उघड्यावर टाकू नका, पुरा. डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन किंवा फ्लुनिक्सिनचा अंश असलेलं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅम त्यांच्यासाठी त्या मानाने सुरक्षित ठरलं आहे.