पांढऱ्या घेवड्याचे आणि हॅमचे सावकाश शिजणारे सूप

अमेरिकेत नाताळ, ईस्टर किंवा थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी हाडासकट भाजलेला हॅम, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी, आणण्याची पद्धत आहे, आणि त्याचे काप संपल्यावर उरलेल्या हाडाचे काय करायचे याचे तिथले पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले उत्तर म्हणजे घेवड्याचे सूप. वॉशिंग्टनमधील सिनेटच्या उपाहारगृहात हे सूप विसाव्या शतकाच्या आरंभापासून रोज मिळते. ही प्रथा मिनेसोटाचे सिनेटर नूट नेल्सन यांनी सुरू केली असे काही जण सांगतात, तर काही जण ते श्रेय आयडाहोचे सिनेटर फ्रेड ड्युबॉय यांना देतात. ड्युबॉय यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृतीत कुस्करलेला बटाटा असतो, तर आज सिनेटमध्ये केले जाणारे सूप बटाट्याशिवायच होते. त्यात घेवडा, गरम पाणी, धुरावलेल्या हॅमचे हाड, कांदा, लोणी, मीठ आणि मिरी एवढेच पडते. पुढे दिलेली कृती या साध्या सुपाच्याच वळणाची आहे. ती घरच्या स्लो कुकरसाठी, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यासाठी, लिहिली असली तरी जाड बुडाच्या पातेल्यातही तितकीच चांगली होते.

या सुपात घालायच्या गोष्टी मोजक्याच असल्यामुळे त्याचे यश मसाल्यावर ठरत नाही, ते कोणती गोष्ट कधी घालायची यावर ठरते. घेवडा मऊ होण्याआधी आंबट घातले तर तो दडस राहतो, हॅमचा खारटपणा उतरण्याआधी मीठ घातले तर सूप खाता येत नाही, आणि घेवड्याला खळखळून उकळी न देता तो थेट स्लो कुकरमध्ये टाकला तर पोट बिघडण्याची खरी भीती असते.

सहा जणांसाठी ४५० ग्रॅम सुका पांढरा घेवडा घ्यावा. अमेरिकेत यासाठी ‘नेव्ही बीन’ नावाचा वाटाण्याएवढा बारीक दाणा वापरतात. तिथल्या नौदलाच्या शिध्यात तो कायम असे, म्हणून त्याला हे नाव पडले. तो न मिळाल्यास थोडा मोठा ‘ग्रेट नॉर्दर्न’ घ्यावा. भारतात पांढरा राजमा हाच जवळचा पर्याय आहे, कारण हे सगळे दाणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही त्याच कुळातला असून त्याचेही सूप रुचकर होते. मात्र त्याच्या लालसर रेघांचा रंग पाण्यात उतरतो, तेव्हा पांढऱ्याशुभ्र सुपाची अपेक्षा ठेवू नये. चवळी आणि कडवे वाल मात्र इथे घेऊ नयेत. चवळी लवकर फुटते आणि वालांची कडसर चव धुराच्या वासाशी जमत नाही.

हॅमचे हाड नसेल तर धुरावलेला ‘हॅम हॉक’, म्हणजे डुकराच्या पायाच्या घोट्याजवळचा सांध्याचा तुकडा, ७०० ग्रॅम ते १ किलो घ्यावा. माझ्या मते हॉक हाडापेक्षाही सरस ठरतो. सांध्याभोवतीच्या चामडीत आणि स्नायुबंधात कोलॅजन भरपूर असते आणि मंद आचेवर काही तास राहिले की त्याचे जिलेटिन होते. सुपाला ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो तो त्यामुळेच, आणि हे काम पाकिटातल्या हॅमच्या पातळ चकत्यांकडून कधीही होत नाही. मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत आधी सांगून ठेवल्यास हाडाचा तुकडा मिळू शकतो. व्हर्जिनिया किंवा केंटकीकडचा ‘कंट्री हॅम’ हाती आला तर तो कोरड्या मिठात मुरवलेला असल्यामुळे फार खारट असतो, म्हणून त्याचे हाड आधी पाण्यात १० मिनिटे उकळून ते पाणी ओतून द्यावे.

याखेरीज दोन मध्यम कांदे, दोन गाजरे, सेलरीच्या दोन दांड्या, लसणाच्या चार पाकळ्या, दोन टेबलस्पून लोणी, दहा-बारा मिरे आणि थाइमच्या दोन काड्या लागतात. पाश्चात्त्य कृतींत ‘बे लीफ’ लिहिलेले असते, परंतु आपले तमालपत्र हे वेगळ्या झाडाचे पान असून त्याला दालचिनीसारखा वास असतो. ते घालायचेच तर अर्धे पान पुरे, आणि न घातल्यास काही बिघडत नाही.

आदल्या रात्री घेवडा निवडून, धुऊन २ लिटर पाण्यात भिजत घालावा आणि त्या पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट टेबलस्पून, मीठ विरघळवावे. मिठाने कडधान्य शिजत नाही असा पक्का समज आपल्याकडेही आहे आणि अमेरिकेतही आहे, परंतु भिजवण्याच्या पाण्यातल्या मिठाचा परिणाम नेमका उलटा होतो. दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना जोडून धरणाऱ्या घटकाला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातले सोडियम त्यांची जागा घेते, त्यामुळे साल मऊ होते आणि शिजताना फाटत नाही. आठ ते बारा तासांनी ते पाणी फेकून द्यावे आणि दाणे दोनदा धुवावेत. हवा उष्ण असेल तर पातेले फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर पाणी आंबते. रात्री भिजवायचे राहून गेले असेल तर घेवडा भरपूर पाण्यात दोन मिनिटे उकळून, झाकून तासभर ठेवावा; हाही मार्ग चालतो, मात्र साल तितकी एकसारखी मऊ होत नाही.

यानंतरची पायरी टाळू नये. भिजलेले दाणे नव्या पाण्यात घालून मोठ्या आचेवर ३० मिनिटे खळखळून उकळावेत. कच्च्या राजम्यात आणि त्याच्या कुळातल्या सर्व दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. लाल राजम्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक आणि पांढऱ्यात बरेच कमी असते, पण ते अर्धवट शिजलेल्या दाण्यांतून पोटात गेले तर काही तासांतच मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. उकळत्या पाण्यात ते नष्ट होते. याउलट स्लो कुकर ‘लो’वर असताना दाण्याच्या आतले तापमान कित्येकदा उकळबिंदूपर्यंत पोहोचतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापलेल्या दाण्यांची विषारीता कच्च्यापेक्षाही वाढलेली आढळली आहे. यंत्राबरोबर येणाऱ्या पाककृतींच्या पुस्तिकेत भिजवलेला घेवडा थेट भांड्यात टाकायला सांगितला असेल, तर तेवढी सूचना बाजूला ठेवावी. उकळताना वर येणारा फेस झाऱ्याने काढावा आणि शेवटी हेही पाणी ओतून द्यावे.

गंमत अशी की हे यंत्र मुळात घेवड्यासाठीच ओळखले जात होते. आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. शुक्रवारी संध्याकाळी भट्टीत ठेवून शनिवारी काढायच्या ‘चोलंट’ या ज्यू पदार्थाच्या आठवणी घरात ऐकून त्यांना ही कल्पना सुचली होती, आणि त्यांच्या यंत्राचे नावच ‘नॅक्सन बीनरी’ असे होते. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले.

घेवडा उकळत असताना एका कढईत एक टेबलस्पून लोणी तापवून त्यात एक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी पारदर्शक होईपर्यंत परतावी व शेवटी ठेचलेला लसूण घालून अर्धा मिनिट हलवावी. स्लो कुकरच्या तळाशी ही भाजी, तिच्यावर हॅम हॉक आणि सर्वांत वर उकळलेला घेवडा घालून १.७५ लिटर उकळते पाणी ओतावे, मग मिरे आणि थाइम टाकावे. भांडे अर्ध्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. हॉक गोठलेला असल्यास तो आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये उतरवून ठेवावा, कारण गोठलेले मांस स्लो कुकरमध्ये फार वेळ कोमट राहते आणि तेवढ्या अवधीत जिवाणू वाढतात. झाकण लावून ‘लो’वर सात ते आठ तास किंवा ‘हाय’वर चार ते पाच तास शिजू द्यावे. उत्सुकतेपोटी झाकण उघडण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी वाफ निघून जाते आणि ती पुन्हा साचायला वेळ लागतो. पातेल्यात करायचे असल्यास पाणी २.५ लिटर घ्यावे, झाकण किंचित उघडे ठेवावे आणि कडेला हलके बुडबुडे येत राहतील इतक्या आचेवर दोन ते तीन तास ठेवावे. पृष्ठभाग रटरटू लागला की दाणे फुटतात आणि मांस चिवट होते. शिट्टीच्या कुकरमध्येही सूप होते, पण मग हॉक आधी एकटाच पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४० मिनिटे शिजवावा व त्या पाण्यात घेवडा घालून पुढे १०-१५ मिनिटे द्यावीत. घेवड्याला फेस फार येतो, तेव्हा कुकर निम्म्याहून अधिक भरू नये.

इतका वेळ देऊनही दाणे शिजले नाहीत, तर बहुधा घेवडा जुना असतो. उष्ण आणि दमट जागी वर्षभर पडून राहिलेल्या कडधान्यात गणंग वाढतात आणि कितीही शिजवले तरी ते मऊ होत नाहीत, म्हणून कोकणात किंवा मुंबईत घेवडा डब्यात हवाबंद ठेवणे आणि खप असलेल्या दुकानातून आणणे हाच उपाय. दुसरे कारण बोअरवेलचे जड पाणी, ज्यातले कॅल्शियम साल घट्ट करते. तशा पाण्यात पाव टीस्पून खाण्याचा सोडा टाकल्यास फरक पडतो, पण त्याहून जास्त टाकला तर सुपाला साबणासारखी चव येते.

दाणा दोन बोटांत धरून दाबल्यावर लोण्यासारखा चेपला गेला आणि मांस हाडापासून आपोआप सुटू लागले की हॉक बाहेर काढून निवू द्यावा. चामडी आणि जाड चरबी टाकून द्यावी, मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि बारीक हाडे राहिली नाहीत ना हे हाताने चाचपून पाहावे. दोन डाव दाणे बाजूला काढून वाटीत घोटावेत आणि मांसासह परत सुपात मिसळावेत, म्हणजे पाणी आणि दाणे वेगवेगळे न राहता सूप मिळून येते. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा आणणे मला पटत नाही, कारण त्याने धुराची चव झाकली जाते. आता उरलेल्या लोण्यात दुसरा कांदा बारीक चिरून बदामी होईस्तोवर परतावा आणि वरून ओतावा. सिनेटच्या कृतीतही परतलेला कांदा असा शेवटीच पडतो, आणि आमटीला वरून फोडणी देणाऱ्या स्वयंपाकघराला याचे कारण वेगळे सांगायला नको.

मीठ चाखून पाहिल्यावरच घालावे. बहुतेक वेळा अर्धा टीस्पून पुरते आणि कधीकधी अजिबात लागत नाही. काही घरांत या सुपात टोमॅटो घालतात. तो घालायचा असल्यास दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटपणामुळे पेक्टिन विरघळत नाही आणि दाणे आहेत तिथेच थांबतात. हाच नियम गोव्याच्या फेजोआदालाही लागू पडतो. पोर्तुगिजांकडून आलेल्या या घेवड्याच्या पदार्थात हॅमऐवजी ‘चोरीस’ नावाचे गोव्याचे सॉसेज पडते आणि चोरीसमध्ये व्हिनेगर असते, म्हणून घेवडा आधी वेगळा शिजवून मगच ते त्यात सोडावे. मला स्वतःला हॅमच्या सुपात टोमॅटो आवडत नाही. वाढताना अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचे चार थेंब टाकले की चरबीचा जडपणा तेवढ्यानेच कमी होतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे आणि ॲपलाचिया पर्वतभागात घेवड्याच्या अशा पदार्थांबरोबर मक्याचा ब्रेड खातात. आपल्या घरी खरपूस भाजलेला पाव किंवा ज्वारीची भाकरी चालते. उरलेले सूप मोठ्या भांड्यात तसेच ओट्यावर ठेवू नये. ते उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे तीन ते चार दिवस टिकते, आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहते. गार झाल्यावर जिलेटिनमुळे ते थिजून गोळा होते, तेव्हा ते बिघडले असे समजू नये. अर्धी वाटी पाणी घालून, मधूनमधून ढवळत, पुन्हा पूर्ण उकळी येईपर्यंत तापवावे आणि मिठाची चव त्यानंतरच पाहावी.