चिपमंक बघायला निघताय? आधी एवढं करा

भारतातून आई-बाबा येणार असतील तर आमच्या न्यू जर्सीत चिपमंक (म्हणजे इथली पट्ट्यापट्ट्यांची छोटी खार) दाखवायला सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट, कारण ओकची फळं पडायला लागलेली असतात आणि ही मंडळी हिवाळ्याच्या बेगमीला लागलेली असतात. ते अस्वलासारखे अंगावर चरबी चढवून झोपत नाहीत, बिळात साठा करतात आणि थंडीत मधेमधे उठून खातात, त्यामुळे गालाच्या पिशव्या फुगवून पळणारा चिपमंक हवा तर हेच दिवस, एकदा कडक थंडी पडली की विसरा.

आदल्या रात्री घरीच ओळख पाठ करून ठेवा. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले "अगं ही तर आपली खारच की", आणि रामाने पाठीवरून बोटं फिरवल्याची गोष्ट सुरू. म्हटलं बाबा, रामाने गालावरून कुठे बोटं फिरवली होती? तर पहिली खूण तीच, डोळ्याच्या वर-खाली फिकट पट्टे, आपल्या खारीला ते नसतात. दुसरी खूण पाठीची, मधे एक काळी रेघ आणि दोन्ही बाजूंना दोन काळ्यांमध्ये सँडविच झालेली पांढरी, आणि हे सगळं शेपटीच्या आधीच संपतं, मागचा भाग नुसता तांबूस. जीव केवढा तर १०० ग्रॅमच्या आसपास, शेपटीसकट साधारण २५ सेंटिमीटर.

इथे पूर्वेला बरं आहे, एकच जात. पश्चिमेला यलोस्टोन किंवा रॉकीजला जाणार असाल तर तिथे जाती बऱ्याच, आणि काही तर तज्ज्ञांनाही नुसतं बघून सांगता येत नाहीत, तेव्हा फोटोखाली नुसतं "चिपमंक" लिहा, काही बिघडत नाही. फक्त तिकडे गोल्डन-मँटल्ड ग्राउंड स्क्विरल नावाची एक खार फसवते, पाठीवर पट्टे बरेचसे तसेच पण तोंड कोरं. म्हणून म्हणते, आधी तोंड बघा!

बॅगेत ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण, पाणी, बसायला जुनी चादर. खाऊ न्या पण चेन लावून, मागच्या वेळी वॉचंग रिझर्व्हेशन या इथल्या जंगलात आमची बॅग उघडी राहिली आणि चिवड्यातले शेंगदाणे तेवढे गायब, पोहे तसेच. हातून भरवायचं मात्र नाही, कितीही गोड दिसला तरी, चावतात. आणि २०२१ मध्ये तिकडे पश्चिमेला लेक टाहो या तळ्याकाठी चिपमंकांमध्ये प्लेग सापडला म्हणून काही जागा बंद ठेवल्या होत्या, हे मुलांना सांगून ठेवा.

सकाळी जा, पडलेलं झाड किंवा दगडी बांध बघून बसा आणि फोन सायलेंटवर टाका. पाचेक सेंटिमीटरचं गोल भोक दिसलं आणि बाहेर मातीचा ढीग नसला तर बहुतेक त्याचंच, माती तो लांब नेऊन टाकतो. कान उघडे ठेवा, चिप-चिप-चिप असं बारीक, पक्ष्यासारखं चालू झालं तर जमिनीवर कोणीतरी आलंय (बहुतेक तुम्हीच), आणि खालच्या आवाजात टक्-टक् आलं तर मान वर करून ससाणा शोधा.

पॅन्ट मोज्यात खोचलेली हवी, टिक म्हणजे गोचिडी असतात आणि त्या चावून होणारा लाइमचा ताप कोणाला हवाय. परत आल्यावर कपडे सरळ ड्रायरमध्ये टाका, गुडघ्यामागे, कानामागे बघा, आणि आईला अंबाडा सोडायला लावून केसांतही बघा, ती कितीही वैतागली तरी.